अकरा पावलं जास्त

आल्तिनोच्या टेकडीवरच्या पार्काचं फाटक
शाणू माळी सव्वासहाला उघडतो
आणि सगळ्यात आधी आत शिरतो एक बोका.
मग आम्ही : गुडघे, साखर, रक्तदाब.
प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा, वाट एकच.

चिऱ्यांची कड असलेली ती गोल वाट
सहाशे बारा पावलांची.
मोजल्याशिवाय मला चालता येत नाही.
चौतीस वर्षं सर्वे खात्यात साखळी ओढली,
डिचोलीपासून काणकोणपर्यंत
माडांखालची भांडणं कागदावर सरळ रेषेत उतरवली.

नकाशात नसलेली एक पायवाट
सातविणीपाशी फुटते,
वारुळाला वळसा घालून, गवत दुभंगत
टाकीजवळ पुन्हा मोठ्या वाटेला मिळते.
तांबडी, वीतभर रुंद,
मधोमध झिजलेली, जुन्या पाट्यासारखी.
शाणूनं तिच्या तोंडाशी दोनदा काटे टाकले,
एकदा फलक रोवला : हिरवळीवर चालू नये.
फलकाला वळसा पडला, एवढंच.

शॉर्टकट, म्हणतात सगळे.
कॉलेजातली पोरं, लवंदे वकील,
कानात वायर घातलेली ती बँकवाली
घड्याळ बघतात आणि वळतात.

एका सकाळी, मांडवीवरचं धुकं अजून उठलं नव्हतं,
मी ती मोजली.
त्याच दोन टोकांमध्ये मोठ्या वाटेनं ऐंशी.
पायवाटेनं एक्याण्णव.
उलट्या दिशेनं पुन्हा मोजली.
अकरा पावलं जास्त.

ती पाडली एर्मेलिंदाबाईंनी.
मळ्यातून पायऱ्या चढून यायच्या,
फुलाफुलांचा फ्रॉक, कॅनव्हासचे बूट,
हातात मिटलेली छत्री, जानेवारीतसुद्धा.
मी कधी विचारलं नाही.
सर्वेच्या माणसानं काही विचारलं
की लोक कागद शोधायला लागतात.
त्यांनीच सांगितलं, बूट बांधता बांधता :
"त्या वळणार बाकडें आसा न्हय?
थंय बसलो आमचो कायतान.
म्हणपाक लागलो, तूं फुडें वच, हांव आयलोंच."

पुढे बोलल्या नाहीत.
नाडीला दोन गाठी मारल्या
आणि गवतात शिरल्या.

सात वर्षं एकच बाई रोज एकाच जागेवरून गेली
की जमीन ते लक्षात ठेवते.
मागून येणाऱ्याला कारण कशाला हवं,
वाट दिसली की पुरे.

गेल्या डिसेंबरात त्या लेकीकडे स्विंडनला गेल्या.
जाताना मला पाव किलो पेराद दिली,
माझी साखर माहीत असून.

परवा पालिकेचा नवा इंजिनियर आला.
पंचविशीचा. ना साखळी, ना खुंट्या,
लाल ठिपका टाकतो आणि आकडा येतो.
"काका, ही तर लांब पडते.
मग लोक इथून का जातात?"

आमच्या फॉर्मात रकाने असायचे :
कब्जेदार, कूळ, मुंडकार, झाडं, विहीर,
आणि अगदी शेवटी, बोटभर जागेत, शेरा.
चौतीस वर्षांत बहुतेक वेळा
मी तिथे आडवी रेघ मारली.

"त्या बाकापाशी पाणी साचतं," मी म्हटलं.
"केव्हा?"
"साचतं."
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
फुफाट्यानं भरलेल्या चिऱ्यांकडे पाहिलं,
आणि लिहून घेतलं.

आज बाकावर बोका झोपला होता,
पाय वर करून, मालकासारखा.
सातविणीखाली मी खाली वाकलो.
नाडी सुटली नव्हती. तरी सोडली,
पुन्हा बांधली, दोन गाठी.

तेवढ्यात मागून लवंदे वकील आले,
"उशीर झाला हो," म्हणाले,
आणि माझ्याआधी गवतात शिरले.